कुमोयुचे उघडे कुंड

पाहुणे हो, काल सायंकाळी स्नानगृहातले पाणी कोमट लागले म्हणून तुमच्यापैकी कोणी कुरकुर केली काय? केली असल्यास संकोच नको. हिवाळ्यात कुमोयुला येणारा प्रत्येक जण ती करतो. गरम पाण्यासाठी इतक्या दूर डोंगरात, बर्फातून यायचे आणि ऐन थंडीत, दिवस मावळताना, पाण्यानेच हात आखडता घ्यावा, हे कोणाला रुचेल? पाहुणघराची मालकीण अशा वेळी कमरेत वाकून क्षमा मागते, चहा आणून ठेवते. पाणी मात्र अधिक गरम करून देत नाही. ते करायचे नाही असा या गावाचा नेम आहे.

नेमाचे कारण पाहायचे असेल तर बाजाररस्त्याने वर जावे. देवळाची लाल लाकडी कमान ओलांडली की दगडी पायऱ्या लागतात. पायऱ्यांच्या माथ्यावर देवदारांची राई आहे आणि राईत डोंगरदेवीचे देऊळ. देवळामागे, कुंपणाआड, गावाचे मूळ कुंड आहे. सर्व स्नानगृहांना लाकडी पन्हळींतून पाणी जाते ते येथूनच. ते अखंड उकळते. गंधकाचा उग्र वास सुटतो आणि वाफेचा खांब झाडांच्या शेंड्यांवरून आभाळात चढतो. उष्ण झऱ्यांच्या इतर गावी थंडीत कुंडावर फळ्या घालून ऊब कोंडून ठेवतात. कुमोयुच्या कुंडाला झाकणच नाही. गावाची निम्मी ऊब रोज आभाळात जाते आणि गाव ती जाऊ देते.

हे गाव वसण्यापूर्वी, म्हणे, एक लाकूडतोड्या वरच्या खिंडीत हिमवादळात सापडला. वाट बुजली होती. जगण्याची आशा सोडून तो खाली बसणार, तोच ढग फाटले आणि दरीत एक पांढरा खांब उभा दिसला. त्या खांबाकडे तोंड करून तो उतरत गेला आणि या कुंडाशी पोचला. तेथेच त्याला झोप लागली आणि झोपेत देवीने दर्शन दिले. देवी म्हणाली, ‘पाणी तुला दिले. वाफ दिलेली नाही. ती वाटेवरच्या माणसाची आहे.’ लाकूडतोड्याने जागा होताच देवीपुढे व्रत घेतले की बर्फ पडू लागल्यापासून वितळेपर्यंत हे कुंड एकाही संध्याकाळी झाकले जाणार नाही. तो या कुंडाचा पहिला राखणदार झाला. पुढे त्याच्या वंशातील प्रत्येक राखणदार पहिले दंव पडले की हात धुऊन देवीसमोर उभा राही आणि तेच व्रत पुन्हा उच्चारी. त्या काळी झाकण होते. पण ते पावसाळ्यासाठी, गार पाणी कुंडात मिसळू नये म्हणून. थंडीत देवदाराच्या त्या जाड फळ्या कुंपणाला टेकून उभ्या असत.

हे व्रत नुसत्या भाविकतेचे नव्हते. खिंडीच्या माथ्यावरून दोन उतार फुटतात. एक कुमोयुला येतो. दुसरा थोडे अंतर अगदी तसाच चालतो आणि मग एका कड्यावर संपतो. उन्हाळ्यात मूलही त्यात चुकणार नाही. बर्फ पडले की दोन्ही सारखे पांढरे होतात, आणि माथ्यावर उभ्या असलेल्या माणसाला वाफेवाचून दुसरी खूण नसते.

कित्येक पिढ्यांनंतर राखणदारी इवामात्सु नावाच्या माणसाकडे आली. तो कामाला चोख होता. पन्हळ गळली तर रात्रीचा दिवस करी. त्याला एकच इच्छा होती: आपल्या घराण्याला तलवार बाळगण्याचा मान मिळावा. राखणदार कितीही जुना असला तरी गणती रयतेतच होई, आणि हे त्याला सलत असे. आईबाप लवकर गेल्याने धाकटी बहीण ओशिनो हिला त्यानेच वाढवले होते. तिचे लग्न त्याने गावातल्याच किहेईशी लावून दिले. किहेई लाकूड कातून वाडगे बनवी. शरद ऋतू सरता सरता तो वाडग्यांची मोट पाठीवर घेऊन खिंडीपलीकडे, समुद्राकाठच्या गावांत जाई आणि नव्या वर्षाच्या आत मीठ घेऊन परते.

ओशिनोचे घर राईच्या खालच्या अंगाला होते. तिथून कुंड दिसत नसे. झाडांवर चढलेली वाफ तेवढी दिसे. किहेई गेला की तिची प्रत्येक संध्याकाळ सारखी जाई. ती त्याचा कापूस भरलेला अंगरखा गरम पन्हळीवर पसरून ठेवी, आणि दाराशी उभी राहून वाफ पाही. ती स्वतः कधी खिंडीत गेली नव्हती. पण किहेईने तिला सांगितले होते, ‘वरून बघितलं की वाटतं, सगळ्या दरीत एकाच घरी चूल पेटली आहे. मग पाय आपोआप उतरतात.’ तेव्हापासून वाफ सरळ उभी असली की तिचे मन ठिकाणी राही. आपण पाहतो आहोत तेच तो उद्या-परवा वरून पाहील, एवढाच तिला आधार होता.

त्या वर्षी किहेईला उशीर झाला. बर्फ लवकर आले होते. बायकांच्या स्नानगृहात ओशिनोची थट्टा सुरू झाली.

‘काय गं, वाट नवऱ्याची बघतेस की मिठाची?’ शेजारीण ओताकी म्हणाली. ‘माझी मुळ्याची बरणी कधीची रिकामी पडली आहे, म्हणून विचारते.’

‘मिठाचीच,’ ओशिनो म्हणाली. ‘नवरा काय, ज्याच्या पाठीवर मीठ असेल तो.’

‘मग एखादा सशक्त बघ. तुझा तर पोतं जड झालं की गाणी म्हणतो, आणि गाणं म्हणायचं तर थांबून म्हणतो.’

‘तेवढ्यानंच उशीर होतो,’ ओशिनो म्हणाली. सगळ्या हसल्या, तीही हसली. मग ती इतरांच्या आधी पाण्यातून उठली, कारण दिवस मावळत होता आणि तिला वाफ पाहायची होती.

वर्षाची अखेर जवळ आली तेव्हा गावात एक मोठा पाहुणा आला. तो त्या मुलखाच्या सरदाराचा कारभारी होता. त्याचे गुडघे धरले होते आणि वैद्याने त्याला कडकडीत पाण्यात बसायला सांगितले होते. संध्याकाळी तो स्नानाला उतरला आणि पाणी कोमट पाहून त्याची मुद्रा आंबट झाली. इवामात्सु हात जोडून उभा होता.

‘तुम्हीच ना राखणदार?’ कारभारी म्हणाला. ‘तुमच्या घराण्याविषयी धन्यांच्या कानावर घालावं असं मनात होतं. पण ज्याच्या हातून एक हौद गरम होत नाही, त्याच्याविषयी मी सांगू तरी काय?’

एवढेच तो बोलला. कुंड झाक असे त्याने म्हटले नाही. मोठी माणसे असे म्हणत नाहीत. ते लहान माणसाने ओळखायचे असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बर्फ थांबले. आभाळ स्वच्छ झाले, वारा पडला. वाफ सरळ उभी राहावी अशीच ती वेळ होती. इवामात्सु कुंडाशी आला. त्याने मनाशी विचार केला की या दिवसांत खिंड कोण ओलांडणार? गावाचा एकच माणूस बाहेर आहे, तो आपला मेव्हणा. इतके दिवस आला नाही तो आजच कसा येईल? पलीकडे निवाऱ्याची झोपडी आहे. शहाणा माणूस तिथे थांबेल. असे एकेक कारण त्याने लावले आणि त्या कारणांबरोबर एकेक फळीही लावली. पाप करणाऱ्याला कारणांची कधी वाण पडत नाही. शेवटची फळी बसली तेव्हा राईवरचा खांब कापल्यासारखा नाहीसा झाला.

ओशिनो अंगरखा पन्हळीवर पसरत होती. पन्हळ रोजच्याहून अधिक गरम आहे, हे तिच्या हाताला कळले. तिने वर पाहिले. झाडांवर नुसते आभाळ होते. ती तशीच उठली आणि पायऱ्या चढून कुंपणापर्यंत गेली. कुंपणाच्या आत राखणदाराशिवाय कोणी जायचे नाही असा नियम होता. तिने बाहेरून हाक मारली.

‘दादा, आज वाफ दिसत नाही.’

इवामात्सु फाटकाशी आला आणि फाटक अडवून उभा राहिला. ‘थंडी फार पडली आहे,’ तो म्हणाला. ‘वाफ जड होऊन खालीच पसरते आहे. असं होतं कधी कधी.’

‘मी तर कधी पाहिलं नाही.’

‘राखणदार तू की मी?’

‘तूच,’ ती म्हणाली. ‘पण वरून दिसेल ना त्यांना?’

‘दिसेल. वरून सगळं दिसतं. जा, पाय ओले झालेत तुझे. पडसं झालं की काढे मलाच करावे लागतात.’

ती घुटमळली. पन्हळ अधिक गरम का लागली, हे विचारावे असे तिच्या ओठांवर आले. पण समोर तिचा भाऊ होता. पहिले दंव पडले तेव्हा याच माणसाला देवीपुढे व्रत उच्चारताना तिने ऐकले होते. त्याच्यावर संशय घेणे तिला पाप वाटले. ती परत फिरली. घरी येऊन दाराशी उभी राहिली आणि नसलेल्या वाफेकडे अंधार पडेपर्यंत पाहत राहिली.

त्या संध्याकाळी कारभाऱ्याच्या गुडघ्यांना आराम पडला. जाताना त्याने तलवारीच्या मानाचा शब्द दिला. अंधार झाल्यावर इवामात्सुने फळ्या काढल्या आणि दुसऱ्या दिवशी वाफ पूर्ववत उभी राहिली. किहेई त्या दिवशी आला नाही. त्यानंतरही आला नाही. ओशिनो हिवाळाभर अंगरखा पसरत राहिली. ओताकीने थट्टा सोडून दिली होती. एकदा ती सुकवलेल्या मुळ्याच्या चार फोडी घेऊन दाराशी आली, ठेवून निमूट गेली. थट्टा थांबली तेव्हा ओशिनोला कळले की गावाने आशा सोडली आहे. तिने सोडली नव्हती.

बर्फ वितळू लागले आणि खिंड मोकळी झाली. पहिला माणूस उतरून आला तो बुन्जी, पलीकडल्या गावचा मीठवाला. देवळाच्या अंगणात लोक जमले. त्याने गुडघे टेकले आणि सांगितले ते असे. वर्षाअखेरीस तो आणि किहेई बरोबर निघाले होते. बर्फ थांबले त्या दिवशी, मावळतीला, दोघे खिंडीच्या माथ्यावर पोचले. आभाळ निरभ्र होते. दोघांनी खाली पाहिले. दरीत काहीच उभे नव्हते.

‘मी म्हटलं, मागं झोपडीत जाऊ,’ बुन्जी म्हणाला. ‘तो म्हणाला, थोडं थांब, वाफ निघेल. कुमोयुचं कुंड झाकत नाहीत. आम्ही थांबलो. पाय बधिर झाले. मग तो म्हणाला, घरचं माणूस दारात उभं असेल, मी जातो, वाट पायाखालची आहे. मी त्याचा हात धरला होता. त्यानं सोडवून घेतला.’

लोक दुसऱ्या उताराने शोधायला गेले. कड्याखाली किहेई सापडला. मिठाचे पोते पाठीला बांधलेले होते आणि रिकामे होते. वितळत्या बर्फाबरोबर मीठ वाहून गेले होते.

बर्फ थांबलेली ती संध्याकाळ कोणती, हे गावात सर्वांना ठाऊक होते. त्या संध्याकाळी स्नानगृहात पाणी कधी नव्हे इतके गरम होते आणि सगळ्यांनी ते आनंदाने अंगावर घेतले होते. ओशिनो भावापुढे जाऊन उभी राहिली.

‘दादा, झाकलं होतंस?’

इवामात्सुने मान खाली घातली. त्याच्या कमरेला नवी तलवार होती. ‘एकच संध्याकाळ, ओशिनो,’ तो म्हणाला. ‘सबंध हिवाळ्यात एकच.’

‘त्यांनाही एकच हवी होती,’ ती म्हणाली.

ती रडली नाही, तिने शापही दिला नाही, असे सांगतात. ती देवळात गेली आणि बराच वेळ आत राहिली. बाहेर आल्यावर तिने गावाकडे एकच गोष्ट मागितली: झाकण नको. गावकऱ्यांनी देवदाराच्या त्या फळ्या अंगणात आणून देवीसमोर जाळल्या. पावसाळ्यात पाणी गार होईल, असे कोणी म्हटले नाही. इवामात्सुची राखणदारी काढून दुसऱ्या घराला दिली. तलवार त्याच्याकडेच राहिली, कारण ती काढून घेण्याचा अधिकार गावाला नव्हता.

माणसांनी दिलेली शिक्षा इथे संपली. देवीची पुढच्या हिवाळ्यात सुरू झाली. पहिले बर्फ पडले त्या संध्याकाळी इवामात्सु रस्त्यात उभा राहून ओरडू लागला, ‘वाफ कुठं आहे? कुणी झाकलं कुंड?’ लोक बाहेर आले. राईवर खांब उभा होता. त्यांनी त्याला बोट दाखवले, हनुवटी धरून तोंड तिकडे वळवले. त्याला आभाळ दिसत होते, झाडे दिसत होती. वाफ दिसत नव्हती. एवढेच असते तर निभावले असते. पण बर्फ पडले की त्याला दिशाच कळेनाशा झाल्या. ज्या गल्लीत तो लहानाचा मोठा झाला, त्या गल्लीत तो खिंडीतल्या परक्या वाटसरूसारखा उभा राही. घर समोर असे आणि त्याला सापडत नसे.

पहिल्या संध्याकाळी त्याच्या हाका ओशिनोच्या दारापर्यंत आल्या. ती नेहमीप्रमाणे दाराशी उभी होती. आता कोणाची वाट पाहायची उरली नव्हती. पण ती सवय मोडण्याचे बळ तिच्यात नव्हते. ती हाका ऐकत राहिली. मग ती खाली उतरली, तिने भावाचा हात धरला आणि त्याला त्याच्या घरी नेऊन सोडले. ज्याला हात धरून घरी आणावे म्हणून ती झुरली, तो आला नाही. आणि ज्याच्यामुळे तो आला नाही, त्याचा हात तिच्या हातात आला. देवीच्या मनात काय होते ते देवी जाणे. ओशिनोने नकार दिला नाही, एवढे खरे.

त्यानंतर दर हिवाळ्यात बर्फाच्या संध्याकाळी हे असेच होत राहिले. दोघांचे केस पांढरे झाले. एकदाच, म्हणे, वाटेत इवामात्सुने विचारले, ‘तुला दिसते का गं अजून?’

‘दिसते.’

‘कशी आहे?’

‘सरळ आहे. वारा नाही.’

‘तू नसताना मी कुणाला विचारू?’

ओशिनो चालत राहिली. तिने पकड सोडली नाही.

एका हेमंतात, पहिल्या बर्फापूर्वी, ओशिनो वारली. किहेईचा अंगरखा तिच्या अंगावर घालून गावाने तिला निरोप दिला. शेजाऱ्यांनी इवामात्सुला सांगितले, ‘आजोबा, आता बर्फ पडलं की दाराबाहेर पडू नका. काही लागलं तर हाक मारा.’ त्याने मान डोलावली. काही दिवस तो घरातच राहिला. मग गावात बातमी आली की देवीच्या दर्शनाला यात्रेकरू निघाले आहेत आणि ते आज खिंड ओलांडतील. त्या संध्याकाळी भुरभुर बर्फ पडत होते. नवा राखणदार कुंड उघडे असल्याचे पाहून घरी गेला. झाकण तर कधीच जळून गेले होते. इवामात्सुला हे ठाऊक होते. परंतु त्याच्या डोळ्यांना आभाळ रिकामे दिसत होते आणि वर माणसे होती.

तो कोणाला हाक न मारता निघाला. पायऱ्या त्याला कशा सापडल्या कोण जाणे. कुंपणाच्या आत जाऊन त्याने काठाला हात लावला आणि कुठे फळी उरली आहे काय हे चाचपत तो कुंडाभोवती फिरू लागला. फळी कोठेच नव्हती. तरी डोळे सांगत होते की वाफ नाही; म्हणून तो पुन्हा फिरला, आणि पुन्हा. थकून घरी जावे म्हटले तर दिशा उरली नव्हती. त्याने हाक मारली नाही. जिचे नाव घेऊन हाक मारायची, ती नव्हती.

यात्रेकरू सुखरूप उतरले. वाफ त्यांना माथ्यावरून स्पष्ट दिसली होती आणि वाफेमागे ते थेट कुंडापर्यंत आले. इवामात्सु त्यांनाच आढळला. आजही कितीही बर्फ पडले तरी कुंडाभोवती पाऊलभर रुंदीची एक गोल वाट उघडी राहते, ती त्याच्या पावलांची आहे असे सांगतात. त्या वाटेवर, तलवार कमरेला तशीच, एक हात उकळत्या पाण्याच्या काठावर ठेवून, राखणदारांच्या वंशातला तो शेवटचा पुरुष गारठून मेला होता.